दादांच्या खुर्चीत कोण बसलं

मार्च लागला की आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या बिल्डिंगची गच्ची बडबडायला लागते. ऊन उतरलं की दहावी-बारावीची पोरं पुस्तकं घेऊन वर येतात आणि येरझाऱ्या घालत पाठांतर करतात. एक मुलगी इतिहास मोठ्यानं म्हणते, दुसरा कुणी गणिताची सूत्रं पुटपुटतो, तिसरा मोबाईलमध्ये डोकं घालून काय करतो ते देवाला ठाऊक. मी वाळवण गोळा करायला गेलेली असते. टाकीच्या बाजूला साबुदाण्याच्या चकल्या, अलीकडे तांदळाचे पापड, आणि त्यांच्या मधून ही पोरं उड्या मारत चाललेली. "सॉरी हं आजी," म्हणतात. पापडावर पाय पडला तरी मला त्यांचा राग येत नाही. मला राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो, आणि तो दरवर्षी याच महिन्यात येतो, आंब्याला मोहर यावा तसा.

सरळच सांगते, आडपडदा कशाला. मला माझ्या जावेचा हेवा वाटतो.

विजया माझी धाकटी जाऊ. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक मजला वर राहते. स्वभावानं चांगली आहे, हीच तर पंचाईत. खाष्ट असती, भांडकुदळ असती तर मी चार शब्द सुनावून कधीच मोकळी झाले असते. पण ती माझ्यासाठी अळूवड्या घेऊन खाली येते, माझ्या गुडघ्याला तेल चोळून देते, आणि मी तिच्याकडे बघत मनात म्हणते, बाई, तू खुर्चीत बसलीस आणि मी नाही. इतकी वर्षं झाली. तिच्या केसांना मेंदी लागली, माझे तर पांढरेच झाले, तरी त्या खुर्चीचा काटा काही निघत नाही.

खुर्ची म्हणजे दादांची. दादा आमचे सासरे. बदलापूर गावात घर, नदीच्या अंगाला भातशेती, अंगात बंडी, आणि ओसरीवर ही एक आरामखुर्ची. काळसर शिसवी लाकूड, वेताची बैठक, पाठ मागे रेललेली आणि हात इतके लांब की माणूस त्यावर पाय टाकून झोपू शकेल. अंबरनाथच्या कुठल्याशा कारखान्यातला एक साहेब बदली होऊन गेला, त्याच्या बंगल्यातलं सामान निघालं, तेव्हा दादांनी भाताच्या बदल्यात ती घेतली. बैलगाडीत पेंढा पसरला, वर खुर्ची ठेवली, आणि अंबरनाथपासून गावापर्यंत दादा त्या खुर्चीत बसून आले. रस्त्यात लोक थांबून बघत होते म्हणे. आमच्या सासूबाई ही गोष्ट सांगताना पदरात हसायच्या. "मना वाटलं कुनी कलेक्टर आला," म्हणायच्या. त्या स्वतः मात्र त्या खुर्चीत एकदाही बसल्या नाहीत.

कारण सुना आणि बायका खुर्चीवर बसत नसत. तसा काही कुणी नियम सांगितला नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कुणी समोर बसवून शिकवलं नाही की हे कर, ते करू नको. ते घरात शिरल्यावर अंगात मुरतंच. दादा ओसरीवर आले की आपण पाटावरून उठायचं. पाव्हणे आले की पाट त्यांना, सतरंजी त्यांना, आपण भिंतीला पाठ लावून भुईवर, तेही पाय आत घेऊन. माझं माहेर अंबरनाथचं, वडील कारखान्यात फिटर, घरात दोन लोखंडी खुर्च्या होत्या आणि त्यांच्यावर मी खुशाल मांडी घालून अभ्यास करत असे. लग्न ठरलं तेव्हा मी बारावीला होते. परीक्षा मार्चमध्ये, लग्न माघात. वडील म्हणाले, "सासरची माणसं चांगली आहेत, बसवतील परीक्षेला."

बसवतील! त्या मार्चमध्ये मी पुस्तकांचं गाठोडं ट्रंकेत तसंच ठेवून तांदळाच्या पापडांची उकड मळत होते. सकाळी अकराला पेपर सुरू होत असेल, असं मनात यायचं. आता प्रश्नपत्रिका वाटली असेल, आता माझ्या बाकावर दुसरं कोण बसलं असेल. ओसरीत दादा त्यांच्या खुर्चीत, पाय हातांवर टाकून, पंच्यानं वारा घेत. मी त्यांच्यापासून दोन हातांवर भुईवर बसून पापड लाटत होते. एकदा मान वर करून त्यांनी विचारलं असतं, "सुमन, तुझी परीक्षा कधी हाय गो?" तर मी लाटणं टाकून स्टेशनाकडे पळत सुटले असते. त्यांनी नाही विचारलं. वाईट माणूस नव्हते. त्यांना सुचलंच नाही.

त्याचं दुःख मी केव्हाच गिळलं होतं. पण पुढं विजया आली.

माझ्या दिराचं लग्नही माघातच झालं. विजया विठ्ठलवाडीची, बापाचं किराणा दुकान, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मार्च लागला तशी ती ओसरीच्या कोपऱ्यात, भुईवर, भिंतीला टेकून पुस्तक वाचायला लागली. पाठीत वाकून, पदर डोक्यावर. मी पापड लाटत होते. दादा उठले. मला वाटलं पाणी हवं असेल, म्हणून मीही उठले. तर ते विजयापाशी गेले आणि म्हणाले, "बस गो बाय खुर्चीन. परीक्षेन काय भुईवर बसून लिवनार हास कं?"

आणि ती बसली हो! "नको दादा" तरी म्हणायचं, एकदा तरी. उठली, पदर सारखा केला आणि बसली. दादांनी गोठ्यातून एक फळी आणली, पुसली, खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकली. झालं टेबल. सासूबाई आतून येऊन बघून गेल्या. दादा स्वतः ओट्यावर जाऊन बसले आणि मला म्हणाले, "सुमन, तिला चा दे."

मी चहा दिला. महिनाभर दिला. मला त्या महिन्याच्या सगळ्या वासांची आठवण आहे. भिजवलेल्या तांदळाचा आंबूस वास, पापडखार, उन्हानं तापलेल्या कौलांचा वास, आणि त्यातून विजयाच्या नव्या पुस्तकांचा तो गुळगुळीत वास. मला तोही सहन व्हायचा नाही. तिनं पान उलटलं की मला ऐकू यायचं. खुर्चीचा वेत कुरकुरला की मला ऐकू यायचं. अंगाचा नुसता तिळपापड. रागात लाटलेले पापड पातळ होतात बरं का, त्या वर्षीचे पापड सगळ्या गावानं नावाजले.

विजया पास झाली, पुढं शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाली. मी पापड लाटते.

कुणी म्हणतील, अगं मग बसायचं होतं एखाद्या दुपारी, घरात कुणी नसताना. कुणी अडवलं होतं? अडवलं कुणीच नव्हतं. पण बसायला काय, कुणीही बसतं. आपल्याला कुणीतरी बस म्हणायला लागतं. चोरून बसले असते तर ती माझी खुर्ची झाली नसती, चोरीच झाली असती. आणि खरं सांगायचं तर खुर्ची कधी रिकामी नसायचीच. आधी दादा. मग विजया. दादा गेले तेव्हा तेराव्याला त्यांचा फोटो खुर्चीत ठेवला, हार घातला, आणि तो फोटो वर्षश्राद्धापर्यंत तिथंच बसून राहिला. पुढं गावातलं घर बिल्डरला दिलं, आम्ही हेंद्रेपाड्याला आलो, भावाभावांत वाटण्या झाल्या. खुर्ची कुणाकडं गेली? वर. विजयाकडं. मला ती फळी आली. "ताई, तुम्हाला मसाल्याच्या बरण्या ठेवायला होईल," विजया म्हणाली. होते. माझ्या ओट्यावर आजही बरण्यांखाली ती फळी आहे. आणि वर तिच्या हॉलमध्ये खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

तर यंदाच्या मार्चमध्ये, मी गच्चीवर चकल्या उलट्या करत असताना, विजया वर आली आणि म्हणाली, "ताई, गावातल्या शाळेत वस्तूंचं संग्रहालय करतायत. त्यांना दादांची खुर्ची हवी आहे. देऊन टाकू या का?"

माझ्या हातातली चकली मोडली. म्हटलं, "तुझी खुर्ची, तू ठरव."

"माझी कुठे, दादांची," ती म्हणाली. ही तिची सवय. ज्याच्यावर बसली ते दुसऱ्याचं म्हणायचं.

संग्रहालय म्हणजे शाळेचा जुना हॉल. मधुरा नावाची एक तरुण शिक्षिका आहे, इतिहास शिकवते, तिनं गावभर फिरून लोकांच्या माळ्यांवरून वस्तू काढल्या. आधी जागा बघून या म्हणाली, म्हणून आम्ही दोघी गेलो. आत शिरले आणि मला हसू आलं. सगळ्या बसायच्याच वस्तू! पाट, चौरंग, बाळंतिणीचं बाजलं, शेतावरच्या मचाणाची बैठक, न्हाव्याची ठेंगणी घडवंची, शाळेचा शाईनं डागाळलेला बाक, टांग्याची गादी. मधुरा म्हणाली, "आजी, लोक पैसे, दागिने देत नाहीत, बसायचं मात्र देतात. घरात जागा नाही ना आता." खरंच आहे. सोफा आला की बाजलं जातं.

भिंतीवर जुने फोटो मोठे करून लावले होते आणि मी ते बघत राहिले. मला फोटो बघायला येतात. म्हणजे चेहरे नंतर, आधी मी बघते कोण बसलंय. गावच्या पंचांचा फोटो: पुढच्या ओळीत सात खुर्च्या, सात पागोटी, सात काठ्या, मागं उभी माणसं, आणि पायाशी भुईवर मुलं, त्यांच्यातल्या एकाच्या मांडीवर कुत्रं. बाई एकही नाही, कुत्र्याला जागा आहे. शाळेच्या निरोपाचा फोटो: गुरुजी खुर्चीत, मुली सतरंजीवर गुडघे दुमडून. कुणाच्या तरी लग्नाचा फोटो: नवरा खुर्चीत ताठ, नवरी शेजारी उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर. असा फोटो तर माझाही आहे. उल्हासनगरच्या एका स्टुडिओत काढलेला, मागं रंगवलेला महाल आणि कारंजं. फोटोवाला सिंधी होता. "भाभी, हाथ कुर्सी पे रखो, हाँ, थोडा प्यार से," म्हणाला. मी दिवसभर उभी होते, वरातीत उभी, देवाला उभी, पाय ठणकत होते. प्यार से कसला, मी पडू नये म्हणून ती खुर्ची धरली होती.

नवऱ्याच्या रिटायरमेंटचा फोटोही तसाच. कारखान्यातल्या साहेबांनी त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, गळ्यात हार, मांडीवर नारळ आणि शाल. मी मागं. मुंबईच्या मोठ्या म्युझियममध्ये नातवंडांना घेऊन गेले होते, तिथं काचेआड चांदीचं सिंहासन, हत्तीवरची अंबारी, मेणा. पोरं तलवारी बघत होती, मी मेण्याचे दांडे बघत होते. माझ्या माहेरी अंबरनाथच्या शंकराच्या देवळाबाहेर शिवरात्रीच्या जत्रेला आम्ही रांगेत उभं राहायचो तेव्हा भिंतीवरची शिल्पं बघायचो. देव बसलेले, बाकीच्या बाया चवऱ्या घेऊन उभ्या. एका ठिकाणी पार्वती मात्र शंकराच्या मांडीवर बसलेली दिसायची. तिला निदान मांडी तरी मिळाली.

तर मी असं एकेक बघत पुढं सरकत होते आणि कोपऱ्यातल्या फोटोपाशी थांबले.

विजया. दादांच्या खुर्चीत, फळीवर पुस्तक, पेन गालाला लावलेलं. माझ्या दिरानं मित्राचा कॅमेरा आणला होता तेव्हाचा, विजयाच्या घरूनच आलेला असणार. फोटोखाली चिठ्ठी होती, 'सासरी राहून शिकलेली सून.' आणि फोटोच्या उजव्या कडेला एक हात. फक्त हात, मनगटापर्यंत. हिरव्या बांगड्या, पीठ लागलेली बोटं, आणि बोटांत बशी, बशीत कप.

"हा हात कुणाचा असेल?" मधुरानं सहज विचारलं. तिला काय माहीत.

"माझा," मी म्हटलं.

"हो का! किती छान!"

छान? मी मनात म्हटलं, बाई गं, आख्खी मी तिथं उभी होते. पाच फूट उंच, बारावीच्या पुस्तकांचं गाठोडं ट्रंकेत घेऊन आलेली. कॅमेऱ्यात मावले फक्त मनगटापर्यंत. आता गावातल्या शाळेतली पोरं येतील, बघतील, विचारतील, ही बाई कोण, ती बाई कोण. हातालाही कुणी नाव विचारतं का? विजया फोटोकडे बघत होती. "माझी काय अवस्था झाली होती बघा," म्हणाली. "पाय पोचायचे नाहीत खाली. लोंबकळत बसायचे. मान मोडून यायची."

खुर्चीत बसून मान मोडते ही तक्रार करायला आधी खुर्चीत बसावं लागतं.

खुर्चीचा वेत मधोमध फाटला होता, तशी देणं बरं दिसेना. म्हणून आम्ही दोघी रिक्षात घालून ती उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात घेऊन गेलो. तिथं दुकानाला दुकान लागून, आणि रस्त्यावरच सोफे मांडलेले, प्लॅस्टिक चढवलेले, वर सोनेरी पाय. आमचा दुकानदार साठीचा, पांढरी पँट, कपाळाला टिळा. त्यानं खुर्ची उलटी केली, पालथी केली, लाकूड नखानं खाजवलं. "आंटी, ये तो पुराना माल है. ऐसा शीशम अब कहाँ." मग विजयाकडे वळून म्हणाला, "मैडम, आप बैठो ना, तब तक सोफे पे बैठो. बैठने का क्या पैसा."

ती मॅडम, मी आंटी. बरं.

कारागीर जुना वेत कापून काढेपर्यंत आम्ही दुकानातल्या सगळ्या सोफ्यांवर बसून घेतलं. एक इतका खोल की मला उठवायला विजयाला हात द्यावा लागला. दुकानाच्या भिंतीवर एक जुना कृष्णधवल फोटो होता. एक कुटुंब, सहा-सात माणसं, एका मोठ्या पत्र्याच्या पेटीवर दाटीवाटीनं बसलेलं. म्हातारी मधोमध. "हमारे दादा-दादी," दुकानदार म्हणाला. "सिंध से आए तब. कैंप में कुर्सी किधर थी? इसी पेटी पे बैठते थे, इसी पे सोते थे. दादी को बीच में बिठाते थे, क्योंकि पेटी की चाबी उसके पास थी." आणि हसला. मी त्या म्हातारीकडं बघत राहिले. मुलूख गेला, घर गेलं, आणि ही पेटीवर मधोमध बसली. मला तिचासुद्धा हेवा वाटला, आता काय सांगू. एकदा ही खोड लागली की माणूस निर्वासितालाही सोडत नाही.

वेत नवा, पिवळाधमक होऊन आला. विजयानं आमच्या समोर हातानं दाबून बघितला. "छान ताणलाय," म्हणाली. मी बसून बघ म्हणाले नाही. ती बसली नाही. मला वाटलं होतं, ती म्हणेल, ताई तुम्ही बघा बसून. तसं ती म्हणाली नाही. तिला नाही सुचलं. दादांची सून शोभते.

खुर्ची न्यायचा दिवस उजाडला. रविवार. छोटा टेम्पो आला, मागची बाजू उघडी. वॉचमन आणि ड्रायव्हर यांनी खुर्ची वर चढवली. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी स्वयंपाकघरात गेले, मसाल्याच्या बरण्या खाली उतरवल्या आणि ती फळी घेऊन आले. तिच्यावर हळदीचे डाग, बरण्यांच्या बुडांची वर्तुळं. "हीसुद्धा घ्या," म्हटलं. विजया बघत राहिली, तिचे डोळे भरून आले. तिला रडू पटकन येतं, शाळेतही यायचं म्हणे.

ड्रायव्हरनं दोरी शोधली. सापडली ती तोकडी. गावाकडच्या रस्त्याला केवढे खड्डे आणि स्पीडब्रेकर. खुर्ची हातानं हलवून बघत तो म्हणाला, "ऐसे नहीं चलेगा. नाचेगी पूरे रस्ते. आंटी लोग, एक काम करो, एक जन कुर्सी पे बैठ जाओ, वजन पड़ेगा तो हिलेगी नहीं."

विजया लगेच पाय उचलून टेम्पोत चढायला लागली. सवय! तिनं विचारसुद्धा केला नाही.

"अरे नहीं मैडम," ड्रायव्हर म्हणाला, "आप तो हल्की हो. वो वज़नदार वाली को बिठाओ."

वॉचमन हसला. विजयानं जीभ चावली. मी? मी जन्मात पहिल्यांदा विजयापेक्षा कशात तरी जास्त निघाले होते.

"थांब," मी म्हटलं, "मी बसते."

मला वर चढवायला तिघं लागले. एकदा चढल्यावर मी साडी सारखी केली, पदर कमरेला खोचला, आणि बसले. वेत कुरकुरला. तो आवाज मी चाळीस मार्च ओळखते, पण तो दुसऱ्या बाजूनं ऐकला होता. लाकूड उन्हानं तापलेलं. पाठ मागं टेकली तर आभाळ दिसायला लागलं. खुर्चीचे हात इतके लांब की माझे हात मध्यावरच संपले. आणि पाय खाली पोचेनात. लोंबकळत राहिले. मेली विजया खरं बोलत होती.

ती खाली, टेम्पोच्या पत्र्यावर, फळी टाकून बसली. दोन्ही हातांनी खुर्चीचे पुढचे पाय धरून. टेम्पो सुटला.

हेंद्रेपाड्यातून निघालो, भाजीवाल्यांच्या गाड्यांमधून, टोपल्यांतले कैऱ्यांचे ढीग बाजूनं सरकत होते, क्लासला चाललेली पोरं सायकल थांबवून बघत होती. कुणीतरी शिट्टी मारली. "आजी जिंदाबाद!" एक पोरगा ओरडला. मी हात हलवला. हो, हलवला. का हलवू नये? दादा बैलगाडीतून आले होते, मी टेम्पोतून चालले. वाऱ्यानं केस उडत होते, चेहऱ्यावर ऊन, आणि मला दादांचं तोंड आठवत होतं. वर बसल्यावर सगळं दिसतं, फक्त आपण ज्याच्या पायाशी बसायचो ते माणूस दिसत नाही, कारण आता तिथं आपणच असतो. मला एकदम रडू आलं. बारावीच्या परीक्षेचं, इतक्या वर्षांनी, भर रस्त्यात, खुर्चीत बसून.

"ताई, काय झालं?" विजयानं खालून विचारलं.

"काही नाही. धूळ गेली."

स्पीडब्रेकरवर टेम्पो उडाला. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, जीव मुठीत. आणि खाली बघितलं तर विजया! पाय पसरून, पाठ टेम्पोच्या फळक्याला टेकून, कुठून तरी काढलेला पेरू खात बसली होती. मोकळी, आरामात, कशाला म्हणून धरलेलं नाही. एक हात तेवढा खुर्चीच्या पायावर टेकलेला. तिनं वर बघितलं, उरलेला अर्धा पेरू माझ्यापुढं धरला. मला घेता येईना, हात सोडले तर पडेन. अगं बाई, मी मनात म्हटलं, आता हिच्या भुईचाही हेवा वाटायला लागला की काय.

शाळेत पोचलो. खुर्ची हॉलच्या कोपऱ्यात, त्या फोटोच्या बरोबर खाली ठेवली. हातांवर फळी आडवी टाकली. भिंतीवर विजया, खुर्चीवर कुणीच नाही, आणि फोटोच्या कडेला माझा हात अजून चहा घेऊन उभा. मधुरानं चार खांबांना लाल दोरी बांधली आणि पुठ्ठा टेकवला, 'कृपया बसू नये.' मग पेन उघडून म्हणाली, "खाली माहिती लिहायची आहे. लाकूड शिसवी, वापर घरगुती. आणि या खुर्चीत शेवटचं कोण बसलं होतं? तुमचे सासरे ना?"

मी तोंड उघडलं. आयुष्यभर मला कुणी न विचारलेला प्रश्न आज पहिल्यांदा विचारला होता, आणि उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं.

"नाही," विजया म्हणाली, "ह्या. आमच्या ताई. सुमनताई. आत्ताच."

माझं तोंड तसंच उघडं राहिलं. हेसुद्धा मेलीनं माझ्या आधी सांगितलं.